समाधानी नागरिकाचा शोध

गल्लीच्या तोंडाशी एक काठी उभी आहे. तिला लाल फडकं बांधलं आहे.

ढापा म्हणजे गटारावरचं सिमेंटचं झाकण. ढापणे म्हणजे चोरणे. या दोन शब्दांचं काही नातं असेल, तर ते त्यांनी चारचौघांत कबूल केलेलं नाही.

मेंदीचे कोन फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्यात ठेवतात.

एका घरात अधूनमधून दुपारी फोन वाजतो. उचलणारी बाई सगळं शांतपणे ऐकून घेते, "हो बाई, हो" म्हणते आणि पुन्हा शेंगा फोडायला बसते.

'श्री. रावजी पगार. खासगी गुप्तहेर. ज्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही आणि सुटलीच तर कुठे गेली हे त्यांना ठाऊक असते. हरवलेल्या वस्तू, माणसे व हेतू शोधून मिळतील. फोन नंबर: गुप्त.'

शेवटचा तुकडा म्हणजे रावजीचं व्हिजिटिंग कार्ड. नंबर गुप्त असल्यामुळे त्याच्याकडे आजवर एकही केस फोनवरून आली नव्हती. आल्या त्या जिन्याखालून हाका मारत आल्या.

रावजीची सहायक म्हणजे त्याची बायको रोहिणी. हे पद तिला लग्नात मिळालं, अर्ज न करता. दिवसभर ती नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना "आता दिसतंय का?" असं विचारायची आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला.

तर ढापा. वडाळा नाक्याकडून आत वळलं की त्यांची गल्ली, आणि गल्लीतल्या जैतुनबींच्या फाटकासमोरचा ढापा फुटला होता. गटार उघडं पडलं, म्हणून गल्लीच्या तोंडाशी ती लाल फडक्याची काठी. तरणी माणसं उडी मारून जात, स्कूटरवाले शिव्या देऊन जात. जैतुनबी मात्र जाऊच शकत नव्हत्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, चालायला वॉकर होता आणि वॉकरला उडी येत नाही.

रविवारी त्यांची नात रिदा हिचा निकाह होता. हॉल पाथर्डी फाट्याला.

"अम्मी, खुर्चीवर बसा, आम्ही चौघं उचलून गाडीपर्यंत नेतो," मुलगा अब्बास म्हणाला होता.

"चौघांनी उचलायची वेळ एकदाच येते," जैतुनबी म्हणाल्या होत्या. "वो अभी आई नहीं. मी माझ्या पायांनी जाईन, नाहीतर नाही जाणार. निकाह का व्हिडिओ देख लूंगी."

हे ऐकून रिदा आत जाऊन रडली. रोहिणीने ते पाहिलं आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "अहो, ते 'गल्लीमित्र' नावाचं अ‍ॅप आहे ना, त्याच्यावर ढाप्याची तक्रार करा."

तक्रार करणं रावजीला कमीपणाचं वाटायचं. पण फोटो काढणं, अक्षांश-रेखांश टाकणं आणि 'पुरावा जोडा' हे बटण दाबणं त्याला भलतंच आवडलं. तक्रार गेली. कुणीतरी येऊन पाहणी करून गेलं. आणि मग अ‍ॅपवर हिरव्या अक्षरांत उमटलं:

*नागरिक समाधानी. तक्रार बंद.*

ढापा होता तसाच. म्हणजे नव्हता तसाच.

रावजीने पुन्हा तक्रार केली. पुन्हा पाहणी. पुन्हा हिरवी अक्षरं. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा तो खुर्चीतून उठला, खिडकीशी गेला आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. विचार करायची त्याची हीच पद्धत होती.

"रोहिणी, ही ढाप्याची केस नाही. ढापा हे प्यादं आहे. या गल्लीत एक माणूस समाधानी आहे. तो कोण?"

"वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारू या का?"

"म्हणजे त्याला सावध करू या का, असं म्हणायचंय तुला."

सिद्धांत दुसरा

(पहिला सिद्धांत परग्रहाविषयी होता. तो रोहिणीने चहा ठेवता ठेवता रद्द केला.)

उघड्या गटाराचा फायदा कोणाला? मुझफ्फरला! कोपऱ्यावर त्याचं दुचाकीचं गॅरेज होतं. गाड्या पडणार, मुझफ्फर उचलणार. रावजी काळा चष्मा लावून गेला. रोहिणी मागे, कारण तो चष्मा तिच्या दुकानातला होता आणि तो कुठे गेला हे विचारायला फोन आला होता.

"मुझफ्फर," रावजीने अचानक विचारलं, "तू समाधानी आहेस का?"

मुझफ्फरने हातातला पाना खाली ठेवला. असं त्याला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं.

"रावजीभाऊ, काय सांगू. बैठो." आणि तो सांगत सुटला. पोरगा अभ्यास करत नाही, मेव्हणा गाडी नेतो ती परत आणत नाही, पाठीत चमक भरते. "और इस गटर में तो मेरीच बुलेट गिरी परसो. खुद का हँडल खुदच सीधा किया. इसमें कायका समाधान?"

निघताना त्याने रावजीचा हात दोन्ही हातांत धरला. "असंच येत जा भाऊ. मन हलकं झालं."

सिद्धांत चौथा

समोरच्या बिल्डिंगमधला दीपक गेले काही दिवस सारखा हसत होता. येता हसू, जाता हसू. गटार ओलांडतानाही हसू.

"बघ," रावजी कुजबुजला, "गुन्हेगार आपलं समाधान लपवू शकत नाही."

"त्यांनी नवीन कवळी बसवलीय," रोहिणी म्हणाली. "ओठ मिटत नाहीयेत."

"असं भासवतोय!"

दीपकला विचारल्यावर त्याने कवळी काढून हातात दिली आणि दाताच्या डॉक्टरविषयी जे काही सांगितलं, त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण समाधानी माणूस असं बोलत नाही, एवढं कळलं.

सिद्धांत तिसरा

हा मध्ये सांगायचा राहून गेला. तो सिंधुबाईंविषयी होता, कारण त्या रोज सकाळी गच्चीवर हास्यक्लब घ्यायच्या. त्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही. रावजीने विचारलं, "तुम्ही समाधानी आहात का?" आणि सिंधुबाई अशा काही रडल्या की रोहिणीला शेजारून पाणी आणावं लागलं. हास्यक्लब आठवडाभर बंद राहिला.

शुक्रवारपर्यंत रावजीने आख्खी गल्ली पालथी घातली. कोणी पाण्यावर नाराज, कोणी सुनेवर, कोणी मिसळीच्या रश्श्यावर. लोक आता त्याला पाहिलं की आपणहून थांबायचे आणि मन मोकळं करायचे. एकाने तर शेजारच्या गल्लीतून भाऊ बोलावून घेतला.

"या गल्लीत," रावजी हताश होऊन म्हणाला, "एकही समाधानी माणूस नाही. म्हणजे गुन्हा घडलेलाच नाही. आणि तरी घडतोय!"

"जैतुनबींचं काय करायचं ते सांगा," रोहिणी म्हणाली. "परवा निकाह आहे."

रावजीची मुंगी न सोडणारी नजर जमिनीकडे गेली. "उद्या मी त्या गटाराजवळ वेष बदलून बसतो," तो हळू आवाजात म्हणाला. "पुन्हा तक्रार टाकलीय. पाहणीला आले की मागेच लागतो त्यांच्या."

शनिवारी दुपारी रावजी कलिंगडवाल्याच्या वेषात गटाराशेजारी बसला. कलिंगड एकच होतं आणि ते तीन गिऱ्हाइकांनी ठोकून परत ठेवलं. चौथं गिऱ्हाईक घासाघीस करत असताना पाहणीवाला मोटरसायकलवर आला, फोटो काढला आणि गेला. रावजी तेव्हा भाव कमी न करण्यात गुंतला होता.

आत जैतुनबींच्या घरी मेंदी चालली होती. रिदाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले होते. रोहिणीचा एक हात झाला होता. आणि रावजीची आई लंकाबाई, जी नामपूरहून नाशकात येऊन जमाना झाला तरी माहेरची बोली विसरली नव्हती, ती दोन्ही तळवे पुढे करून बसली होती. जैतुनबींच्या हट्टामुळे रोहिणी तिच्या हातांवर मेंदी काढत होती.

"या वयात मेंदी! लोक काय म्हणतील वं?"

"लोक बोलेंगे, बुढ्ढी रंगीन है. बस चुपचाप."

तेवढ्यात लंकाबाईच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला.

"घ्या! आता हात कुठे मोकळे शेत?" लंकाबाई म्हणाली. "जैतुनबी, तू उचल. आन एक दाब. तीच बाई असंल."

"कौन बाई?"

"येते मधून मधून. लय गोड बोलते. विचारते, तुम्ही समाधानी आहात का? मी एक दाबते. एक म्हणजे हो."

रोहिणीच्या हातातला कोन जागच्या जागी थांबला. एका वेलीला नको तिथे पान आलं.

जैतुनबींनी फोन उचलून आवाज मोठा केला. खोलीभर एक गोड बाई बोलू लागली: "नमस्कार. आपल्या गल्लीतील फुटलेल्या ढाप्याची पाहणी करण्यात आली आहे. आपण समाधानी असाल तर एक दाबा. समाधानी नसाल तर दोन दाबा."

गोड बाईने तेच पुन्हा म्हटलं.

"सासूबाई," रोहिणी म्हणाली, "हा फोन तुमच्याकडे कसा येतो?"

"रावजीनंच माझा नंबर टाकला ना! म्हणे, गुप्तहेराचा नंबर जगाला कळता कामा नये."

"लंका!" जैतुनबींचा आवाज चढला. "मी घरात कैद झाले, तुझ्याकडे शेंगा खायला यायला मिळत नाही म्हणून रोज रडतेय, और तू बोलती मैं समाधानी हूं?"

"आता गं!" लंकाबाई कळवळून म्हणाली. "ढाप्याचं कुठे विचारते असं वाटलं मला? ती सुरुवातीला काय बोलते ते फोन कानाला नीट लागेपर्यंत निघून जातं. शेवटचं ऐकू येतं, समाधानी शे का. आता तूच सांग, भरल्या घरात बसून नाही म्हणू? वास्तू तथास्तु म्हणते! आपण समाधानी नाही म्हटलं की तीबी म्हणते, तसंच होऊ दे!"

"पण आजी, नुसतं बटण दाबायचं होतं," रिदा हसू दाबत म्हणाली.

"वास्तूला काय, तोंड काय आन बटण काय."

जैतुनबींनी एक दीर्घ श्वास घेतला. "हमारे में भी कोई हाल पूछे तो अल्हमदुलिल्लाहच बोलते. लेकिन गटर का हाल पूछे तो नहीं बोलते! और ये घर मेरा है. इथल्या वास्तूला मी समजावते." असं म्हणून त्यांनी दोन दाबलं. एकदा दाबून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा दाबलं.

"धन्यवाद," गोड बाई म्हणाली. "आपली तक्रार तातडीच्या यादीत टाकण्यात आली आहे."

रोहिणी ओल्या मेंदीच्या हाताने बाहेर धावली. गटाराशेजारी कलिंगडवाला ताठ बसून दोन्ही दिशांना एकाच वेळी पाहत होता.

"अहो, समाधानी नागरिक सापडला."

"नाव सांगू नकोस!" रावजी गरजला. त्याने डोळे मिटले. "माणूस वयस्क. स्वभाव प्रेमळ. गुन्ह्याच्या वेळी शेंगा जवळ."

"हे कसं ओळखलंत?"

"खिडकी उघडी आहे. सगळं ऐकू आलं." मग त्याचा आवाज बारीक झाला. "रोहिणी, हे गल्लीत कोणाला सांगायचं नाही. आईला लोक नावं ठेवतील."

"आईला?"

"बरं, मला."

रविवारी सकाळी टेम्पो आला. दोघांनी नवा ढापा उतरवला, बसवला, वर उभं राहून दोनदा उड्या मारल्या आणि निघून गेले. जैतुनबी हिरव्या साडीत, वॉकर पुढे टाकत फाटकाबाहेर आल्या. आख्खी गल्ली बघत होती. मुझफ्फरने एक हात पुढे केला, तो त्यांनी डोळ्यांनीच मागे लोटला. ढाप्यावर मधोमध त्या थांबल्या, वॉकर एकदा आपटून पाहिला आणि मागे वळून म्हणाल्या, "लंका, चल ना. गाडीत खिडकीची जागा तुझी नाही, माझी आहे, सांगून ठेवते."

लंकाबाई रंगलेले हात उन्हात धरून मागोमाग निघाली.

गुडघ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलातल्या नर्सने "तुम्ही पेशंटच्या कोण?" असं विचारलं होतं, तेव्हा लंकाबाईने "धाकटी बहीण" असं सांगितलं होतं. ती जैतुनबींपेक्षा चार वर्षांनी मोठी आहे.