सासूबाईंचं भारदस्त दुखणं

वैद्यकाचे तास मातृभाषेत घ्यायचे असा हुकूम आला, तेव्हा प्राध्यापकांनी सगळी तयारी केली, फक्त वर्गात दाखवायला रुग्ण मिळेना. ऐनवेळी त्यांना घरचा रुग्ण आठवला. सासूबाई!

सासूबाईंना ‘क्रॉनिक इडिओपॅथिक अर्टिकेरिया’ होता. नात्यात कुणाला शुगर, कुणाला संधिवात. पण असं तीन डब्यांच्या आगगाडीसारखं नाव एकट्या त्यांच्याकडे. चार माणसं जमली की त्या ते ठेवणीतल्या दागिन्यासारखं बाहेर काढायच्या. ते नाव जावयानं, म्हणजे प्राध्यापकांनीच शोधलेलं, त्यामुळे सासुरवाडीची आरामखुर्ची आता त्यांच्यासाठी रिकामी होत असे.

वर्ग भरला. मागच्या बाकावर प्राचार्य येऊन बसले.

“तर मुलांनो, या आजींना झालंय...” प्राध्यापक अडखळले. इंग्रजीला बंदी होती. “जुनाट... कारण ठाऊक नसलेलं... अंगावर उठणारं पित्त.”

सासूबाईंनी सावकाश मान वळवली. “पित्त?”

“म्हणजे, आई...”

“आणि कारण तुम्हाला ठाऊक नाही?”

“शास्त्रालाच ठाऊक नसतं, आई.”

“शास्त्राचं राहू द्या. पित्त आहे हे शेजारीण फुकटात सांगत होती! आणि मी धाकट्या बहिणीपुढं मिरवत होते ते हे?”

तेवढ्यात एका मुलीचा हात वर गेला. इंग्रजीतून शिकवताना या रोगावर आजवर कुणाला शंका आली नव्हती; नाव पाठ केलं की काम भागे.

“सर, कारण ठाऊक नाही म्हणजे शोधलं नाही, की सापडलं नाही?”

प्राचार्य पुढे सरकून बसले.

“आजींनाच विचारा की,” प्राध्यापक बोलून गेले.

झालं! मुंग्यांनी साखरेला वेढावं तसा वर्ग आजींभोवती जमला. काय खाता, अंगाला काय लावता, उठतं तरी कधी?

“जावईबापू येऊन गेले की.”

वर्ग खो खो हसला. प्राध्यापकांनी घाम पुसला. “जावयाची ॲलर्जी नसते, मुलांनो.”

पण ती मुलगी पक्की चिवट. “सर आले की काय काय होतं, आजी?”

“काय व्हायचंय? ते येणार म्हणून घर आवरते, गुडघे धरतात. मग हे जाताना खिशातली एक गोळी देतात. गुणाची हो गोळी! दुखणं पळालंच.”

सगळ्या माना फळ्यापाशी उभ्या असलेल्या प्राध्यापकांकडे वळल्या. दुखण्यावरच्या गोळीनं काहींच्या अंगावर पित्त उठतं, हे पुस्तकातलं पान प्राध्यापक वर्षानुवर्षं शिकवत होते. इंग्रजीत.

“म्हणजे कारण सापडलं?” सासूबाईंनी विचारलं.

“सापडलं, आजी. फळ्यापाशी उभं आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

सासूबाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. “तुमची गोळी? मग आता बहिणीला सांगू काय? कप्पाळ?”

प्राध्यापकांना आरामखुर्ची हातची जाताना दिसली. ते लगबगीनं जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “आई, ती गोळी आजपासून बंद. आणि आजाराला नवं नाव. आयट्रोजेनिक!”

सासूबाईंनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. आठ्या उतरल्या. “हे पहिल्यापेक्षा भारी वाटतंय. बहिणीला उच्चारताच यायचं नाही! तुमच्याशिवाय कुणाला जमलं असतं का हे, जावईबापू?”

डॉक्टरच्याच हातून लागलेल्या दुखण्याला शास्त्रात हे नाव आहे. पोरं तोंडावर वह्या धरून हसत होती. त्या मुलीचा हात पुन्हा वर गेला.

“सर, याला मातृभाषेत काय म्हणायचं?”

“ते,” प्राध्यापक डस्टर शोधत म्हणाले, “पुढच्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आहे.”