पुरळाचा जबाब

गार्गीच्या अंगावर उठलेल्या पुरळाने दवाखान्यात जबाब द्यायला साफ नकार दिला.

असं सहसा होत नाही. पुरळं स्वभावाने सरळ असतात. अँटिबायोटिक चालू असताना मुलाच्या अंगावर पुरळ उठलं, की आईवडील त्याला दवाखान्यात आणतात, डॉक्टर मुलाचा सदरा वर करतात आणि विचारतात, "कोणाचं?" पुरळ सांगतं, "तापाचं," किंवा सांगतं, "औषधाचं." तापाचं असलं तर ते आपोआप विरतं आणि विषय संपतो. औषधाचं असलं तर ते औषध आणि त्याचा सगळा गोतावळा त्या मुलाला जन्मभर बंद. बाहेर बाकड्यावर माणसं खोळंबलेली असतात, त्यामुळे पुरळंही उगाच वेळ घालवत नाहीत.

गार्गीच्या पोटावरचं पुरळ मात्र म्हणालं, "आम्ही आत्ताच तर आलोय. एवढी काय घाई?"

ते बोलताना गार्गीला गुदगुल्या झाल्या आणि ती खिदळली. तिच्या आईला, हर्षदाला, हसू आलं नाही.

डॉ. हुपरीकर बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "घरी विचारून बघा. विरायच्या आत बोललं पाहिजे. नाही बोललं तर औषधाच्या नावावर टाकावं लागतं."

"पण ते औषधाचं नसलं तर?"

"तरी. न बोललेलं पुरळ औषधाचंच धरतात. रीतच आहे तशी."

हर्षदाने मनाशी हिशेब मांडला. गार्गीचा कान वरचेवर फुटायचा. उशीला कान दाबून पोर कळवळायची. इतर औषधं करून झाली होती. एकाने जुलाब लागले, दुसऱ्याने काहीच झालं नाही. हे गुलाबी औषध तेवढं लागू पडायचं. तेही बंद झालं तर पुढच्या खेपेला द्यायचं काय?

"आणि औषधाचं असून ते तापाचं म्हणालं तर?" तिने विचारलं.

"तर पुढच्या वेळी हिचा घसा सुजू शकतो," डॉक्टर त्याच आवाजात म्हणाल्या. "पुरळं लबाड नसतात हो, पण भिडेखातर काहीही बोलतात. घरी त्याचे लाड करू नका. औषध आजपासून थांबवा. आणि श्वासाला त्रास झाला, ओठ-डोळे सुजले, तर जबाबाची वाट बघत बसू नका. तडक इकडे या."

लाड करू नका हे सांगणं सोपं होतं, पण घरी सासूबाई होत्या. त्यांनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधून ठेवलाच होता. अंगावर कोणी आलं की घरात फोडणी द्यायची नाही, तळण काढायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, असं त्यांचं शास्त्र. त्यांनी गार्गीला धुतलेल्या मऊ पातळावर निजवलं, दहीभात भरवला आणि पोटाकडे बघून हात जोडले.

"अवघडू नका हं. आपलंच घर समजा."

"छे छे, फार सुख आहे," पुरळ म्हणालं.

हर्षदाने त्याला गोडीत विचारलं, काकुळतीला येऊन विचारलं. ते दर वेळी हवापाण्यावर बोलायचं. सकाळी तिने बघितलं तर गार्गीचे खांदे मोकळे झाले होते. पाठीवरचा रंगही फिका पडला होता. दुपारपर्यंत हे निघून जाणार आणि लेकीच्या माथी जन्माची बंदी लावून जाणार!

"आता तरी सांगा," ती म्हणाली. "कोणाचे तुम्ही?"

पुरळ जरा संकोचलं. "वहिनी, तुमच्या घरचं खाल्लंय. तुम्हाला कोणाचं म्हटलेलं बरं वाटेल? तसं सांगतो."

हवं ते उत्तर आता हर्षदाला फुकटात मिळत होतं आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. खरं तेवढंच तिला पाहिजे होतं. तिने गार्गीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, स्वयंपाकघरात गेली आणि गॅस पेटवला. कढईत तेल ओतलं. मोहरी टाकली, लसूण टाकला.

"अगं ए! काय करतेस?" सासूबाई ओरडल्या. "पाहुणं आहे ना अंगावर!"

"आई, पाहुण्यांना राग येऊ दे," हर्षदा म्हणाली आणि सुक्या मिरच्यांची मूठ तेलात सोडली.

सगळ्या घराला ठसका लागला. सासूबाई पदर नाकाशी धरून गार्गीला घेऊन अंगणात धावल्या. पोटावरचं पुरळ लालबुंद झालं.

"ही काय रीत झाली?" ते कडाडलं. "आम्ही तापाचे! चांगल्या घरचे! त्या गुलाबी बाटलीचा आणि आमचा संबंध काय? ती या घरात यायच्या आधीच आम्ही निघालो होतो! चला दवाखान्यात. सांगून टाकतो आणि जातो. इथे पाणीसुद्धा प्यायचं नाही आम्हाला!"

डॉक्टरांनी जबाब ऐकला. "रागात बोललं का?" त्यांनी विचारलं.

"फार रागात."

"मग खरं मानायला हरकत नाही. तरी माझी खात्री व्हायला हवी. अंग पुरतं स्वच्छ झालं की काही आठवड्यांनी या. एक घोट माझ्यासमोर द्यायचा आणि इथेच बसायचं. घरी परस्पर देऊ नका."

काही आठवड्यांनी त्या परत गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी आधी थेंबभर औषध दिलं, मग थांबून बाकीचा चमचा हर्षदाच्या हातात दिला. तिने तो घाईघाईने भरवला आणि थोडं गार्गीच्या हनुवटीवर सांडलं. मग त्या दोघी आतल्या बाकड्यावर बसल्या. हर्षदा लेकीचे ओठ बघायची, मान बघायची, सदरा वर करून पोट बघायची. गार्गी पाय हलवत कंपाउंडरला कोडी घालत होती. दुपार कलली. पोट तसंच स्वच्छ राहिलं.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "पुढे लागेल तेव्हा हे औषध द्यायला हरकत नाही. पण तुमच्या हाताला काय झालंय?"

हर्षदाने खाली बघितलं. मनगटापासून वरपर्यंत बारीक लाल पुरळ उठलं होतं.

"कोणाचं?" डॉक्टरांनी सवयीने विचारलं.

"गार्गीचं," पुरळाने लगेच सांगितलं.

"हे कधी जाईल?" हर्षदाने विचारलं.

डॉक्टरांनी आपल्या पांढऱ्या कोटाची बाही कोपरापर्यंत वर सारली. आत तसंच बारीक लाल पुरळ होतं. त्यांच्या मुलाचे केस आता पिकायला लागले होते.