बिनपगारी सरपंच

"आमदाराला लाखांनी पगार. पडला तरी वर पेन्शन. आणि आता आमची सरपंचीण पण पगार घेणार. मोटरचा नाय पत्ता, पगाराला मात्र पयली."

हे वाक्य माझ्या उजव्या कानापासून चार बोटांवर बोललं गेलं. महाडहून पोलादपूरला निघालेल्या तीनचाकी मिनीडोरमध्ये आम्ही इतक्या दाटीने बसलो होतो, की माझी पिशवी नक्की कुणाच्या मांडीवर आहे ते मलाच सांगता आलं नसतं. हायवेच्या धुळीसाठी मी डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळलेला. बोलत होती आमच्या ऐनकोंडच्या वरच्या वाडीतली म्हातारी चंद्राबाई, ऐकत होती तिची शेजारीण बयाबाई. आणि जिच्याबद्दल चाललं होतं ती सरपंचीण म्हणजे मी, ललिता. निवडून येऊन जेमतेम महिना झाला होता. वरच्या वाडीची पाण्याची जळलेली मोटर बदलून देईन, एवढ्या एका शब्दावर मला मतं मिळाली होती.

"किती घेते गो?" बयाबाईने विचारलं.

"सा हजार म्हणं."

"वर्साचे?"

"म्हैन्याचे! वर्साच्या सा हजारावर कोण निवडून येतंय?"

मी स्कार्फच्या आत लालबुंद. पण उतरले ती ठरवूनच उतरले. एक रुपयासुद्धा घ्यायचा नाही. आमदार-खासदारांचे पगार किती असावेत यावर टीव्हीवाले घसा फोडतात आणि झोपायला जातात. आपण करून दाखवायचं. ऐनकोंडने साऱ्या देशाला धडा घालून द्यायचा. माझा आवाज विधानभवनापर्यंत जाईल अशी माझी खात्री होती. तो गेला पोलादपूरच्या एसटी स्टँडपर्यंत, आणि तिथून माघारी फिरून माझ्याच अंगावर आला.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं, "मी मानधन घेणार नाही. सेवेचा मोबदला घेणं माझ्या मनाला पटत नाही!"

टाळ्या पडल्या. शाळेतली पोरं तर झेंड्याला वाजवल्या नव्हत्या इतक्या जोरात वाजवायला लागली. फक्त दोघांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक उपसरपंच कुशाबा, कारण मानधन त्यालाही मिळतं आणि आता सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. दुसरे आमचे ग्रामसेवक. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, मानधन नाकारायचा फॉर्म नसतो हो आमच्याकडे. आजवर कधी लागलाच नाही."

"मग काय करायचं?"

"काही नाही. घ्यायच्या कागदावर सही करू नका, म्हणजे झालं."

घरी आल्यावर मालकांना सांगितलं. माझे मालक महादू, एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात कंत्राटी कामाला आहेत. तिथे लेबल नसलेला ड्रम आला, की जाणते कामगार दोन पावलं मागे सरतात. मालक तसेच सरले.

"अगो, मोटरच्या मागं तुला तालुक्याला फेऱ्या मारायला लागतील. भाडं कुठनं आणशील?"

"अवो, लोकसेवा आहे ती."

"मिनीडोरवाला गणू लोकसेवा करत नाय," मालक म्हणाले आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी हर्षदने स्टँडवर फ्लेक्स लावला. हर्षद आमच्याच गावचा, फ्लेक्स छापायचं दुकान आहे त्याचं, त्यामुळे गावात काहीही झालं तरी तो शुभेच्छुक असतो. 'त्यागमूर्ती' असं मोठ्या अक्षरात. खाली माझा फोटो, आधार कार्डावरचा. त्यात मी अशी दिसते, जणू पोलिसांनी कालच पकडून आणलीय. माझ्याशेजारी माझ्या तिप्पट आकाराचा, गॉगल लावलेला हर्षद. येणारे-जाणारे तीन दिवस त्यालाच त्यागमूर्ती समजून नमस्कार करत होते.

मग सत्कार सुरू झाले. बचत गटाची शाल, पतसंस्थेची शाल, कबड्डी मंडळाची शाल. मोटरसाठी मात्र हालचाल होईना. भाड्याला पैसे नाहीत म्हणून मी मालकांच्या मोटारसायकलवर मागे बसून जायला लागले. त्यांची पहिली पाळी. ते मला पोलादपूरला उजाडता उजाडता पंचायत समितीच्या पायरीवर उतरवून पुढे महाडला जायचे. कार्यालय उघडेपर्यंत मी आणि तिथला कुत्रा समोरासमोर बसून असायचो. कार्यालय उघडलं की कळायचं, साहेब साइटवर आहेत. एकदा परत यायला गणूच्या मिनीडोरमध्ये बसले आणि पर्स उघडली, तर आत सुटे चार रुपये.

"गणू, एक शाल ठेव रे. चांगली आहे, नवी कोरी."

"काकू," गणू आरशातून बघत म्हणाला, "पेट्रोल पंपवाल्याकडं शाल चालली असती, तर आतापर्यंत सगळे पुढारी फुकट फिरले असते."

"ते तसेही फुकटच फिरतात की रे."

"ते सांगू नका, भाडं द्या."

फेऱ्या कमी झाल्या. आठवड्याच्या महिन्यावर गेल्या. वरच्या वाडीच्या बाया ओढ्यात झरा खणून हंडे वाहत होत्या. मार्चमध्ये चवदार तळ्यावर दरवर्षीसारखी गेले, तर यंदा पाण्याकडे बघवेना. पण गंमत अशी, मला कुणी काही बोलेना. रस्त्यात भेटलं की हात जोडायचे, "बरी हाय ना ताय?" आणि पुढे सटकायचे. मला वाटलं, गावाला माझी अडचण समजलीय. किती समजूतदार माणसं!

तालुक्याच्या बैठकीत मात्र बाकीचे सरपंच माझ्याकडे पाठ करून बसले. त्यांचं मानधन वाढीचं निवेदन तयार होतं. एक म्हातारे सरपंच शेवटी न राहवून म्हणाले, "वहिनी, आम्ही वाढवून मागत होतो. तुम्ही एकदम शून्यावर आणलात. आता वरून पत्र येईल, 'ऐनकोंडला चालतं, तर तुम्हाला का चालत नाही?'"

त्यानंतर आमदारसाहेब आले, आमच्या बसथांब्याचं उद्घाटन करायला. मला व्यासपीठावर बोलावून स्वतःच्या हाताने शाल घातली. "अशी निःस्वार्थ माणसं राजकारणात हवीत!" असं म्हणून त्यांनी रुमालाने डोळे टिपले. कुशाबा माझ्या मागेच उभा होता. दोन महिने तो जे गिळत होता ते त्याच्या तोंडातून बाहेर आलं, आणि माईक चालू होता.

"मग सायबांनी पण सोडावा की पगार."

आमदारसाहेब हसले. हसताना त्यांचे डोळे चटकन कोरडे झाले. "आमचा पगार आम्ही घरी नेतो कुठं? तो जनतेतच जातो," असं म्हणत ते जिना उतरले. त्यांच्यामागे गाड्यांची रांग निघाली. त्या गाड्यांपैकी जनतेतली एकही नव्हती, आणि जनता मात्र सगळी धुळीत होती.

इथवरही ठीक होतं. पण दोन दिवसांनी दारात एक पांढरी गाडी थांबली. ठेकेदार. काजूकतलीचा हातभर लांब खोका घेऊन आत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"मॅडम, मानलं तुम्हाला. सहा हजारांवर पाणी सोडलंत, तेव्हाच मी ओळखलं. नजर मोठी आहे."

"कसली नजर?"

"समजतं हो आम्हाला. छोटं घेत नाहीत, त्यांच्याशीच व्यवहार नीट होतो. रस्त्याचं काम निघतंय ना तुमच्या गावचं? तुम्ही आकडा बोलू नका, मीच बोलतो."

माझं डोकं असं तापलं, की त्यावर भाकरी भाजली असती. "उठा," म्हटलं. तो उठला, पण खोका तिथेच ठेवून. मी खोका घेऊन त्याच्यामागे अनवाणी रस्त्यापर्यंत धावले. समोरून वरच्या वाडीच्या बाया हंडे घेऊन येत होत्या. ठेकेदाराने त्यांना बघितलं, खोका गाडीत घेतला आणि दबक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बरोबर, बरोबर. असं चारचौघांत नको. मोठा घेऊन येतो."

एमआयडीसीचा वास कुठल्या कारखान्यातून सुटला ते कळत नाही, पण वारा फिरला की सगळ्यांच्या नाकात असतो. ही बातमी तशीच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं : खोका लहान वाटला म्हणून सरपंचबाईंनी परत केलान. मग लोकांना हिशेब लागायला लागले. पगार घेत नाय, मग घर कशावर चालतं? मालकांनी खिडकीला राहिलेला रंग लावला, तो रंग कुठून आला? मिक्सरचं भांडं दुरुस्त करून आणलं, तर गावात झालं, नवीन मिक्सर घेतला. तोंडावर मात्र अजूनही कुणी काही बोलत नव्हतं. हात जोडायचे आणि सटकायचे.

आता मला समजूतदारपणाची भीती वाटायला लागली.

एक मेची ग्रामसभा आली. आमच्याकडची ग्रामसभा म्हणजे एरवी खुर्च्या धरून बसावं लागतं. मागच्या सरपंचाला तर एकाने चप्पल दाखवली होती आणि दुसऱ्याने तिचा जोड. या खेपेला सगळे ओळीत, हात मांडीवर, सत्यनारायणाला बसल्यासारखे. पहिलाच विषय, सरपंचांच्या त्यागाबद्दल अभिनंदनाचा ठराव. कुशाबाने तोंड वाकडं करत वाचला.

"कुणाचे काही प्रश्न?" मी विचारलं.

कुणी नाही.

"पाण्याचं काही?"

पंखा फिरत होता तेवढाच. बयाबाई पदराचा काठ मोजत होती. मी मनात ओरडत होते. अहो, मोटर जळलीय, चार महिन्यांत मी काहीही केलेलं नाही, विचारा ना मला! पण हे स्वतः कसं म्हणायचं, तेही अभिनंदन चालू असताना?

तेवढ्यात मागून चंद्राबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत पुढे आली आणि माझ्या टेबलाशी थांबली.

"ते कागद कुठं हाय?" तिने ग्रामसेवकांना विचारलं.

"कसलं?"

"पगाराचं. जेच्यावर ही सही करत नाय ते."

ग्रामसेवकांनी गडबडीने फाइल उघडली. चंद्राबाईने कागद माझ्यापुढे सरकवला.

"कर सही."

"अगो आजी, पण मिनीडोरात तूच तर बोललीस..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"ती तू होतीस?" चंद्राबाईने मला नीट न्याहाळलं. "बरा झाला ऐकलंस. आता पुढचा पण ऐक. रोज हंडा डोक्यावर घेतला की माज्या तोंडात तुज्या नावानं शिवी येते. पण देऊ कशी? फुकट राबतेस. फुकटच्या बाईला बोलवत नाय गो, जीभ अडते. म्हणून ही सगळी मुकी बसलीत आणि पाठीमागं खोके मोजतात. त्या आमदाराला लाखांनी मिळतो, पण त्याला बोलायला जावा तर तो गाडीची काच खाली घेत नाय. तू सा हजारात दारात सापडतेस. ह्याच्यापरीस स्वस्त काय? पगार घे, उद्या भाडं देऊन तालुक्याला जा, आणि मोटर येईतो आमची बोलणी खा."

मी सही केली. ती सुकायच्या आत बयाबाई पदर खोचून उभी राहिली.