दहाच्या वरचा आवाज

भालकीच्या ईरण्णांनी घरात एकच कायदा केला होता. स्पीकरचा आवाज दहाच्या वर न्यायचा नाही. मोठ्या आवाजानं कान जातात आणि स्पीकरचा पडदा फाटतो, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते. शिवाय ती स्पीकरची जोडी जावयानं, पंचाक्षरीनं, दिवाळीत आणून दिलेली. जावयाची वस्तू, तिला ओरखडा पडून कसं चालेल?

एकदा ते बाजारात गेले आणि बायकोनं, मल्लेश्वरीनं, गल्लीतल्या बायकांना गाणी ऐकवायला आवाज वीसवर नेला. डावा स्पीकर फरफरायला लागला.

"कामून वाढवलीस? सांगून सांगून जीभ झिजली माजी!"

"चारच मिन्टं लावले हो."

"चार मिन्टांत पडदा फाडलीस! आता जावयाला काय तोंड दाखवू?"

हे तीन आठवडे, सकाळ-संध्याकाळ. मल्लेश्वरी वैतागली, गल्ली वैतागली, ईरण्णा मात्र थकले नाहीत. दुरुस्तीवाल्यानं पडद्याला डिंक लावून दिला, तर स्पीकर फरफरायचं सोडून खाकरायला लागला.

त्यात अधिक महिना आला. जावई धोंडे जेवायला येणार आणि आल्या आल्या गाणं लावणार, हे ठरलेलंच.

ईरण्णांनी युक्ती काढली. "त्यानं गाणं लावलं की तू मिक्सर लाव. खाकरलेलं कळणार न्हाई."

पंचाक्षरीनं गाणं लावलं, आत मिक्सर सुरू झाला. आता त्याला गाणंच ऐकू येईना, म्हणून त्यानं आवाज पंधरावर नेला. स्पीकर खाकरला. ईरण्णा ओरडले, "अगं, चटणी अजून बारीक कर!" मिक्सर वाढला तसा जावई वीसवर गेला. ईरण्णांनी टीव्ही लावला, तर जावई थेट तीसवर. जावयाचा हात काही धरता येत नाही. शेवटी उजवा स्पीकर फट्‌ करून बंद पडला.

"मामा, उजवा बी गेला की," पंचाक्षरी हळहळला. "डावा तर आमच्यातच फाटला होता."

"कवा?"

"गेल्या गणपतीत. कमी आवाजात कळत न्हाई. तुमी दहाच्या वर जात न्हाईत, म्हणून तर तुमच्याकडं दिला."

मिक्सर थांबला. मल्लेश्वरी दारात येऊन उभी राहिली. तिनं जावयाकडं पाहिलंसुद्धा नाही, ती नवऱ्याकडं बघत होती. ईरण्णांना जावयावर ओरडायची रीत नव्हती आणि बायकोवर ओरडायची सोय उरली नव्हती.

"बोला की," ती म्हणाली. "तीन आठवडे बोलायलाव, आजच कामून गप?"

तिनं ताट आणून जावयापुढं ठेवलं, धोंड्यांवर सढळ हातानं तूप ओतलं आणि छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नवऱ्याला फर्मावलं, "बसून काय राहिलाव? उठा, जावयाला पानी आना."

ईरण्णा उठले.