एक लाख एकाची बाकी

संख्या लहान असली की उपयोगी पडते. मोठी झाली की तिचा मान राखावा लागतो. वडीगोद्रीच्या दूर्वांकुर मंडळाने राजूरच्या गणपतीला एक लाख एक दूर्वा वाहण्याचा संकल्प सोडला, तेव्हा हे सगळ्यांना मान्यच होतं. वरचा एक शकुनाचा. सगळ्या जुड्या बांधून होईतो सभासदाने गावाची शीव ओलांडायची नाही, असा नेमही ठरला.

दैवशालाबाईंनी नेम मनापासून पाळला. परतूरला त्यांची लेक शालू पहिलटकरीण, दिवस भरलेले. शेवटची जुडी बांधली की निघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

जुडी एकवीस दूर्वांची. चार हजार सातशे एकसष्ट जुड्या झाल्या आणि हाती उरल्या वीस दूर्वा. पुन्हा मोजल्या. वीसच. भालचंद्ररावांनी (बँकेतून निवृत्त, म्हणून मंडळाचे गणिती) निदान केलं: एक लाख एकाला अकराने भाग जातो, एकवीसने जात नाही. अकराचं ऐकून एकादशी धरणाऱ्यांना तेवढंच समाधान वाटलं.

इतक्यात शालूचा फोन आला. "आई, कळा सुरू झाल्यात. निघाली का न्हाई?"

दैवशालाबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, एकच कमी हाये ना? मंग अंगणातली एक खुडून आणते की."

अध्यक्ष सर्जेराव समजुतीने हसले. "वहिनी, एक लाख दोन? आहेराच्या पाकिटात पाचशे दोन घालून राह्यलं का कुणी?"

(एक लाख दोनला एकवीसने बराबर भाग जातो. पण भाग जाणं हा संख्येचा गुण. शेवटी एक असणं हे तिचं कुळ.)

कुणी एक लाख एकशे एक्क्याण्णव सुचवलं. शेवटी एक आहे, भागही जातो. पण फलकावर तो आकडा पिनकोडसारखा दिसतो, म्हणून नापास झाला. अखेर भालचंद्ररावांना सर्वगुणसंपन्न संख्या सापडली: अकरा लाख एक. शेवटी एक, एकवीसने नि:शेष, आणि फलकावर भरदार. जयघोष झाला. आता फक्त दहा लाख दूर्वा खुडायच्या होत्या. अंबड तालुक्यात एवढी दूर्वा उगवते कुठे, ही हरकत गणिताबाहेरची म्हणून फेटाळण्यात आली.

दैवशालाबाईंनी गणपतीला हात जोडले, पिशवी उचलली आणि परतूरच्या वाटेला लागल्या. त्यांनी शीव ओलांडताच संकल्प भंगला, असा निर्णय सर्जेरावांनी दिला. बांधलेल्या जुड्या बाद झाल्या आणि मोजणी पहिल्या दूर्वेपासून सुरू झाली.

एक लाख एकाला एकवीसने भागून बाकी खरंच वीस येते का, हे ज्या वाचकांनी मोबाइलवर ताडून पाहिलं, त्यांचं मंडळात स्वागत आहे. शालू सुखरूप सुटली का, हे विचारणाऱ्यांसाठी सभासदत्व अजून सुरू केलेलं नाही. तशी कुणी मागणीही केलेली नाही.