नानांचे खिळे

नाना बोरस्ते आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा चहाला उकळी फुटेपर्यंत त्यांनी आमच्या नव्या फ्रिजच्या दारावर पांढरी चिकटपट्टी लावून चार रकाने पाडले होते. त्या काळी फ्रिज हॉलमध्ये ठेवायची पद्धत होती, आल्यागेल्याला दिसावा म्हणून. बायको कपबशा घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली.

"वहिनी," नाना म्हणाले, "सामान आणायचंय, याला सांगितलंय, हा विसरलाय आणि आलंय, असे चार रकाने. तिसरा मुद्दाम रुंद ठेवलाय."

माझी आणि त्यांची ओळख तेव्हा जेमतेम महिन्याची होती. बायकोला राग आला होता, पण दुसऱ्या दिवशी तिने गंमत म्हणून रवा आणि काडेपेटीच्या चिठ्ठ्या चिकटवून बघितल्या, आणि मग ते रकाने आमच्या फ्रिजवर कायमचे राहिले. तिसरा पुढे आणखी रुंद करावा लागला.

नाना अंबडच्या आमच्या कारखान्यात टूलरूमचे प्रमुख होते आणि मी परचेसमध्ये. दोघंही इंदिरानगरात राहायचो, म्हणून मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून कामाला जायचो. माणूस मूळचा निफाडचा, भावाकडे द्राक्षबाग. अंगाने किरकोळ. शर्टाच्या खिशात चिकटपट्टीचं रीळ असल्यामुळे छातीवर डाव्या बाजूला कायमचा फुगवटा, आणि पॅन्टच्या खिशात एक छोटी पकड. पट्टीचं समजू शकतो, पण पकड कशाला, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

आमच्याकडे गाड्यांचे पत्र्याचे भाग बनायचे आणि ते ज्या डायवर, म्हणजे पोलादी साच्यांवर निघत, त्या डाय टूलरूममध्ये तयार होत. नव्वदीच्या मध्यावर जपानी पद्धतीची लाट आली आणि पुण्याहून एक ट्रेनर येऊन आम्हाला कानबान शिकवून गेले. प्रकरण सोपं होतं. भिंतीवर एक बोर्ड, बोर्डावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. काम पुढे सरकलं की कार्ड उजवीकडे सरकवायचं. लांबून बघितलं तरी कुठलं काम कुठे आहे ते कळावं, एवढाच त्यातला मतलब. बाकीच्या खात्यांनी बोर्ड लावले, त्यांना हार घातले आणि विसरून गेले.

नाना मात्र रोज सकाळी बोर्डासमोर उभे राहून मान हलवायचे. आठवडाभर मान हलवून झाल्यावर म्हणाले, "हे जपानात ठीक आहे. तिथं चालू म्हणजे चालू. आपल्याकडं चालू म्हटलेलं काम निम्म्या वेळा झोपलेलं असतं. ते कुठं झोपतं ते या बोर्डावर कुठाय?"

त्या दिवसापासून चिकटपट्टी खिशात आली. 'चालू'ची फाळणी झाली. 'मटेरियल येतंय म्हणे' असा एक रकाना आला. 'क्रेन मिळेना', 'ड्रॉइंग परत गेलंय' हेही आले. 'झालं'च्या अलीकडे 'झालं पण न्यायला कोणी येईना' हा आला. पहिल्याच महिन्यात 'मटेरियल येतंय म्हणे' कार्डांनी इतका भरला, की येणारी-जाणारी माणसं त्याच्यासमोर उभं राहून परचेसवाल्यांची नावं घ्यायला लागली. आम्ही निमूटपणे मटेरियल वेळेवर आणायला लागलो. रकाना रिकामा झाला, तशी नानांनी पट्टी उचकटून टाकली. मी म्हटलं, राहू द्या, परत लागेल. तर म्हणाले, "रिकामा रकाना म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेली खोली रे. शेवटी त्यात अडगळच भरते."

आता पकडीचं. कार्डं खिळ्यांना टांगलेली असत. एका रकान्यात जेवढी कामं माणसांना खरोखर झेपतील, तेवढेच खिळे नाना ठेवायचे. माणूस रजेवर गेला की पकडीने खिळा उपटायचे, आला की ठोकायचे. बोर्डावर खिळा ठोकायचा हक्क फक्त त्यांचा. खिळा मोकळा नसेल तर कार्ड लागणार नाही, मग कार्ड कोणाचंही असो. एकदा खुद्द जनरल मॅनेजर तातडीचं काम घेऊन आले.

"खिळा नाही, साहेब."

"मग ठोका एक."

"ठोकतो की. माणूस कुठून ठोकू?"

हे 'खिळा नाही' पुढे त्यांच्या तोंडात इतकं बसलं, की कारखान्याबाहेरही तेच. सोसायटीने चेअरमन व्हा म्हटलं तर खिळा नाही. कोणी तिसरी जिलबी वाढायला आलं तर पोटावर हात ठेवून खिळा नाही. निफाडला पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या खांबाला पुठ्ठा बांधून 'रुसलेत', 'समजूत काढतोय' आणि 'जेवायला बसले' असे तीन रकाने केले होते. नवऱ्या मुलाच्या एका मामांचं कार्ड 'जेवायला बसले' इथपर्यंत पोचून पुन्हा 'रुसलेत'मध्ये आलं, तेव्हा नाना खरोखर अस्वस्थ झाले. मामा कशाने रुसले याचं त्यांना काही नव्हतं. कार्ड उलटं फिरलं, हे त्यांना सहन होईना.

हे सगळं बाहेर. स्वतःच्या घरात त्यांना एक पट्टी चिकटवायची सोय नव्हती. "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही," असं काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, लग्नानंतर कॅलेंडरच्या खिळ्यावरूनच बजावलेलं होतं. आमच्या फ्रिजवरचे रकाने बघून त्या बायकोला म्हणाल्या, "आमच्याकडं काही चालत नाही ना, म्हणून तुमच्याकडं येऊन हौस भागवतात. वेळेवर जेवायला धाडत जा तेवढं." दोघांना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी परतताना माझ्या दारात स्कूटर थांबली की बायको रोज म्हणायची, नाना, दोन घास खाऊन जा. नाना रोज स्कूटरवरूनच हात हलवायचे. "खिळा नाही, वहिनी. घरी ताट घेतलेलं असेल."

त्यांच्या सगळ्या रकान्यांत एक मला कळत नव्हता. 'सवडीनं'. चालत्या कारखान्यात असा रकाना म्हणजे कमालच. विचारलं तर सांगायचे, "हार्ड केलेलं लोखंड घाईनं घासलं की त्याला बारीक तडे जातात. काही जॉब सवडीनं घासावे लागतात." हे खोटं नव्हतं. पण अंगठ्याएवढा जॉब आठ-आठ दिवस सवडीनं घासला जातोय, हे मला पटेना. मग एकदा नीट बघितलं, तेव्हा ध्यानात आलं की त्या रकान्यातलं प्रत्येक काम ग्राइंडिंगवरच्या पगारेंचं होतं.

पगारे टूलरूममधले सगळ्यांत जुने. हात एके काळी देवाने दिलेला, पण आता त्याच हाताला कंप सुटला होता. काम अजून चोख व्हायचं, फक्त दुप्पट वेळ लागायचा. इतर रकान्यांत कार्ड रेंगाळलं की त्यावर लाल ठिपका पडायचा आणि ठिपके महिन्याच्या मीटिंगमध्ये मोजले जायचे. 'सवडीनं'मध्ये ठिपका नव्हता. तेव्हा सातपूर-अंबडमध्ये कारखान्या-कारखान्यांतून स्वेच्छानिवृत्तीच्या याद्या निघत होत्या. त्यात स्वेच्छा कोणाची असते हे सगळ्यांना माहीत होतं. पगारेंची मुलगी डी.एड.ला होती, धाकटा अजून शाळेत. यादीत नाव गेलं असतं, तर त्या हाताला दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं.

अशात नवे प्लांट मॅनेजर आले. माणूस तरुण, हुशार, आणि सगळीकडे सगळं सारखं असावं या मताचा. टूलरूमचा बोर्ड त्यांनी डावीकडून उजवीकडे सगळा वाचला. मग म्हणाले, "बोरस्ते, कंपनीच्या सगळ्या प्लांटमध्ये तीन कॉलम आहेत. सोमवारी इथंही तीनच दिसले पाहिजेत."

टूलरूमला वाटलं, आता नाना भांडणार. मलाही तसंच वाटलं, कारण एकेका पट्टीसाठी हा माणूस दोन-दोन दिवस वाद घालायचा. पगारे तेवढे मशीन बंद करून उभे होते. त्यांना काय जाणार ते कळलं होतं.

सोमवारी मी ऑर्डरचे कागद घेऊन टूलरूममध्ये गेलो, तर साहेब बोर्डासमोर उभे होते. 'क्रेन मिळेना' गेला होता. 'ड्रॉइंग परत गेलंय' गेला होता. 'न्यायला कोणी येईना'सुद्धा गेला होता, आणि तो नानांचा फार लाडका. इतक्या वर्षांत चिकटवलेल्या, सरकवलेल्या सगळ्या पट्ट्या सोलून नानांनी त्यांचा एक गोळा केला होता आणि तो हातात धरून ते उभे होते. बोर्डावर तीन रकाने होते आणि चौथा 'सवडीनं'.

"मी तीन म्हटलं होतं," साहेब म्हणाले.

"बाकी सगळे घ्या साहेब. हा एक राहू द्या."

"कशासाठी?"

"लोखंडासाठी."

साहेबांनी रकान्यातली कार्डं एकेक करून वाचली. कार्डावर काम करणाऱ्याचं नाव असतंच. मग ते ग्राइंडिंग मशीनकडे बघून म्हणाले, "लोखंडासाठीच ना?"

"लोखंडासाठीच."

"ठीक आहे," साहेब म्हणाले आणि निघून गेले. नंतर यादी निघाली, तिच्यात पगारेंचं नाव नव्हतं. याबद्दल नाना माझ्याशी स्कूटरवर कधी एक शब्द बोलले नाहीत. क्रेनच्या रकान्याची मात्र महिनाभर हळहळ करत होते.

काकू गेल्या त्या यानंतर चार-पाच वर्षांनी. हार्ट अटॅकच होता, फार वेळ मिळाला नाही. तेरावा-चौदावा उरकून नाना कामावर आले ते स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून. चालवायला मी होतो. तयार झालेला जॉब शेवटी तपासून पास करायचं काम नानांचं असायचं, आणि त्यासाठी 'चालू'मध्ये त्यांच्या नावाची कार्डं लागत. ते मायक्रोमीटर हातात घ्यायचे, बघायचे, खाली ठेवायचे, पुन्हा तोच जॉब घ्यायचे. कार्डं हलेनात. त्यांच्यावर लाल ठिपके पडायला लागले. ठिपके लावायचा नियम नानांचाच, त्यामुळे कोणाला काही बोलता येईना.

एक दिवस मी त्यांच्या केबिनमध्ये बसलो असताना बाहेरून हातोडीचा आवाज आला. बोर्डावर कोणी खिळा ठोकतंय हे कळताच नाना ताडकन उठले. बाहेर पगारे उभे होते. हात कापत असल्यामुळे हातोडी दोनदा बोटावर बसली असावी. 'सवडीनं'मध्ये एक नवा, किंचित वाकडा खिळा होता आणि त्याला नानांच्या नावाची सगळी कार्डं एकत्र ओवलेली होती.

"कोणाला विचारून ठोकला?" नाना म्हणाले.

"नाय विचारलं," पगारे म्हणाले. "कार्डं लय दिवस लाल झाली व्हती, नाना."

सगळी टूलरूम मशीन चालवल्याचं नाटक करत होती. नाना बोर्डाजवळ गेले, त्यांनी खिशातून पकड काढली आणि मला वाटलं, उपटतात आता. त्यांनी पकडीने खिळा नुसता हलवून बघितला. तो पक्का होता. मग पकड खिशात ठेवून ते आत जाऊन बसले आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. काकू गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी दार लोटून बाहेर आलो.

संध्याकाळी परत येताना ते मागे बसले होते. महिनाभर मी त्यांना आधी त्यांच्या घरी सोडायचो आणि मग माझ्या घरी जायचो. त्यांच्या गल्लीचं वळण आलं, तसा मी हँडल वळवायला लागलो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सरळ घे," ते म्हणाले. "वहिनींना विचारू, खिळा आहे का."