नऊ मजल्यांची नोटीस

सोमवारी सकाळी तक्रारताई कथालेखनाच्या शिबिरात जाऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत चौदा अर्धवट कथा होत्या. शिबिर रविवारपर्यंत, रोज सकाळी दोन तास. तिथून थेट ऑफिस. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत त्या तक्रारींचे फोन घेत, म्हणून हे नाव. बाबाही तिथेच मेकॅनिक होते. ते जाऊन अकरा महिने झाले होते आणि त्या अकरा महिन्यांत ताईंची एकही कथा शेवटाला पोचली नव्हती.

मास्तरांनी चौदाही कथा चाळल्या. आयुष्यभर मासिक चालवलेला माणूस. कौतुक करायची सवय सुटलेली.

"सगळीकडे मुलगी खाली उभी आणि बाप लिफ्टने वर गेलेला. पुढे?"

"पुढे सुचत नाही."

"सुचत नाही की लिहीत नाही?" ताई कथा पिशवीत भरू लागल्या. "रविवारी पुरी कथा हवी. अर्धवट कथा मी वाचत नाही. पंधरावीही अर्धवट आणली तर दारातूनच परत पाठवीन."

पहिल्या दिवशीचा धडा होता: घसा खाकरत बसू नका, एकदम मुद्द्यावर या. दुसऱ्या दिवशीचा: सगळं सांगू नका, वाचकाला कामाला लावा. ताईंना दोन्ही धडे इतके पटले की त्याच दुपारी ते ऑफिसात लागू झाले. एका नऊ मजली इमारतीत गुरुवारी लिफ्टचे दोर तपासायचे होते. एरवी त्यांनी 'सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की' अशी सुरुवात केली असती. हे घसा खाकरणंच की! त्यांनी लिहिलं:

'गुरुवार. सकाळचे दहा. दार उघडेल. आत कोणीही पाऊल ठेवणार नाही. दोर आता सात वर्षांचे झाले आहेत.'

साहेबांनी सही केली. नोटीस लागली. वाचक कामाला लागला.

बुधवारी इमारतीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "ताई, गुरुवारी नेमकं काय होणार आहे?"

"तपासणी."

"मग तसं लिहायचं ना! इथे लोक एकमेकांचा निरोप घेतायत."

गुरुवारी तपासणी झाली, दोर ठणठणीत निघाले. पण एकदा मनात बसलेली भीती मेकॅनिकच्या पान्याने निघते थोडीच? लिफ्टमध्ये कोणी पाऊल ठेवेना. शुक्रवारी सहाव्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. त्यांचं कपाट एरवी लिफ्टने गेलं असतं, ते जिन्याने निघालं आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर असं अडकलं की वर जाईना, खाली येईना. आता जिनाही बंद. वरचे वर, खालचे खाली.

साहेबांनी नोटीस ताईंपुढे आपटली. "ही नोटीस आहे की धमकी?"

"सही तुमची आहे, साहेब."

"मी वाचून सही करतो असं कुणी सांगितलं तुम्हाला? जा, त्या लोकांना समजवा. आणि उद्या मला तीन ओळींचा खुलासा हवाय. तीनच!"

ताई पोचल्या तेव्हा कपाटाच्या अलीकडे सेक्रेटरी आणि सातआठ माणसं होती. पलीकडे आठव्या मजल्यावरच्या आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला निघालेल्या, त्या तिथवरच येऊ शकल्या होत्या.

"तू लिहिलंस ना ते?" कपाटावरून आजींचा आवाज आला. "मग आता सगळं सांग. अर्धवट सोडलंस तर बघ."

ताईंनी सांगितलं. दोर एक नसतो, सहा असतात. त्यातला एकटासुद्धा माणसांनी भरलेली लिफ्ट धरून ठेवतो.

"तुला काय माहीत?"

"बाबा सांगायचे. दुरुस्ती झाली की आधी ते एकटे बसायचे. वरपर्यंत जाऊन यायचे, मगच दुसऱ्यांना बसू द्यायचे. लहानपणी मी खाली उभी राहून दारावरचे आकडे बघायचे."

"आणि यायचे खाली?"

"यायचे."

"दर वेळी?"

"दर वेळी." ताईंनी कपाटावर हात टेकला. "ते गेले ते दवाखान्यात, आजी. लिफ्टचा काही संबंध नाही."

"हेच लिहून द्या!" सेक्रेटरी म्हणाले.

"लिहील नंतर," आजी म्हणाल्या. "बाप नाही, तर आज आधी कोण बसणार?"

ताई गेले अकरा महिने ऑफिसात जिन्याने जात होत्या. विचारलं तर व्यायाम म्हणून सांगत. आता सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि पळून जायचं तर लोकांना ढकलून जावं लागलं असतं. त्या दुसऱ्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरल्या. नवव्यापर्यंत गेल्या आणि खाली तिसऱ्यावर आल्या. दार उघडलं तर समोर आजी, हातात पिशवी.

"सरक," आजी म्हणाल्या.

शनिवारी ताईंनी खुलासा लिहायला घेतला. तीन ओळी झाल्या, तीन परिच्छेद झाले, तीन पानं झाली. साहेबांनी सही केली.

खुलासा इमारतीत लिफ्टशेजारी नोटीस म्हणून लागला. रविवारी त्याचीच प्रत ताईंनी मास्तरांपुढे ठेवली.

"ही कथा आहे?"

"नोटीस आहे. पण पुरी आहे."

मास्तरांनी वाचली. "पहिला परिच्छेद काढा, घसा खाकरलाय." मग शेवटचं पान पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला. "शेवटाला हात लावू नका."

सोमवारी दहालाच सेक्रेटरींचा फोन. "ताई, लिफ्ट रिकामीच येते-जाते. कोणी बसत नाही."

"पुन्हा?"

"भीतीने नाही हो! सगळे लिफ्टसमोर उभं राहून तुमची नोटीस वाचतायत. आणि शेवटचं पान आजींनी घरी नेलंय, देत नाहीत. पुढे काय होतं ते तरी सांगा."

ताईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मुलगी खाली उभी असते. आकडे नऊपर्यंत चढतात. बराच वेळ नऊच. मग उतरायला लागतात. दार उघडतं, तर लिफ्ट रिकामी. मुलगी थोडी थांबते. मग आत जाते आणि नऊचं बटण दाबते."

पलीकडे मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाल्या?" "सांगतो, थांबा," सेक्रेटरी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे लिफ्ट चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग ठीक."

ताईंनी तक्रारवही ओढली. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'शेवटचे पान नाही.' शेजारच्या 'काय केले' या रकान्यात लिहिलं, 'शेवट सांगितला.'